शब्द जुने, अर्थ नवे : ‘डी अँड डी’च्या सुधारित नियमांबद्दल वाचकांचे प्रश्न

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिकेत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. दहा वर्षांनी तिचीच सुधारलेली पुस्तकं निघाली : ‘प्लेअर्स हँडबुक’ सप्टेंबर २०२४मध्ये, ‘डंजन मास्टर्स गाइड’ त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ फेब्रुवारी २०२५मध्ये. प्रकाशक हिला सहावी आवृत्ती म्हणत नाहीत, आणि खेळाचा सांगाडा खरोखरच तोच आहे : डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, बेरीज करा, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. गोंधळ होतो तो त्यामुळेच. नवख्याला हे नियम सोपे जातात. अडखळतो तो जुना खेळाडू, कारण शब्द ओळखीचे असतात आणि तो ते वाचतच नाही. यंदाच्या प्रश्नांपैकी बहुतेक या एकाच कारणातून आले आहेत.

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट २०१४च्या पुस्तकावर खेळतो. चालू मोहीम नव्या नियमांवर न्यायची आहे. पुस्तक ३८४ पानांचं आहे, कुठून वाचायला घ्यावं? (पुणे)

शेवटून. ‘प्लेअर्स हँडबुक’च्या अखेरीस ‘रूल्स ग्लॉसरी’ नावाचं परिशिष्ट आहे. नाव शब्दकोशाचं असलं, तरी खेळाचे अर्धे नियम तिथेच आहेत. नोंदी अकारविल्हे लावल्या आहेत आणि अनेक नोंदींपुढे चौकटी कंसात ती अ‍ॅक्शन आहे की कंडिशन (पात्राची तात्पुरती अवस्था), ते दिलं आहे. पेन्सिल घेऊन बसा आणि जी नोंद ‘हे तर येतंच’ म्हणून सोडावीशी वाटेल, तीच आधी वाचा. ग्रॅपल, हाइड, एक्झॉशन, सरप्राइज, लाँग रेस्ट ही सगळी नावं जुनी आहेत, पण एकाचाही मजकूर जुना नाही.

ग्रॅपलचंच, म्हणजे शत्रूला पकडून ठेवण्याचंच घ्या. पूर्वी दोघांनी फासे टाकायचे आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकायचा. आता ग्रॅपल हा नुसत्या हाताच्या हल्ल्याचा, म्हणजे अनआर्म्ड स्ट्राइकचा एक पर्याय आहे. पकडणारा फासा टाकतच नाही. ज्याला पकडायचं तो स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) यांपैकी स्वतःला सोयीचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा रोल करतो. त्याला गाठायचा आकडा म्हणजे ८ अधिक पकडणाऱ्याचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (स्कोअरवरून निघणारा आकडा) अधिक त्याचा प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा). त्यामुळे अ‍ॅथलेटिक्स कौशल्यात दुप्पट बोनस घेऊन कुणालाही लोळवणारे जुने पैलवान नव्या नियमांत पकडताना फिके पडतात. सुटायला धडपडणाऱ्याला मात्र अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स अजूनही उपयोगी आहे.

परिशिष्टानंतर ‘प्लेइंग द गेम’ हे पहिलं प्रकरण वाचा आणि मग ज्याने त्याने फक्त आपापल्या क्लासची (फायटर, विझर्ड अशा पात्राच्या पेशाची) पानं. बाराही क्लास सगळ्यांनी वाचायचं ठरवलं की महिना जातो आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एकटाच तयार होऊन बसतो. पुस्तक हाती नसेल, तर मूळ नियम डी अँड डी बियाँड या अधिकृत संकेतस्थळावर फुकट वाचता येतात; सुरुवातीला तेवढे पुरतात.

चालू मोहीम मात्र लगेच हलवू नका. आधी एक संध्याकाळ वेगळी काढून तिसऱ्या लेव्हलची नवी पात्रं करा आणि दोन लढाया नि एक संवादाचा प्रसंग खेळा. तिसरीच लेव्हल, कारण आता सगळ्या क्लासांना सबक्लास (क्लासमधली खास शाखा) तिथेच मिळतो. पूर्वी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांना तो पहिल्याच लेव्हलला मिळायचा, ड्रुइड आणि विझर्डला दुसऱ्या. एकाच टेबलावर अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या पात्रांनी खेळणार असाल, तर तसं करू नका. पुस्तकं एकमेकांशी जुळतात हे खरं, पण ते साहसकथा आणि राक्षसांपुरतं. जुना फायटर नव्या फायटरशेजारी बसला की दुसऱ्या लढाईपर्यंत त्याचा चेहरा उतरतो.

प्रश्न : माझा पाचव्या लेव्हलचा हाफ-एल्फ पॅलाडिन आहे, बॅकग्राउंड फोक हीरो. नव्या पुस्तकात हाफ-एल्फही नाही आणि फोक हीरोही नाही. पात्र टाकून द्यावं लागेल का? (नाशिक)

टाकू नका. दोन्ही चालतात; फक्त क्षमतांचे गुण कुठून येतात ते बदललं आहे. पूर्वी ते वंशातून यायचे, आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून. जुन्या पुस्तकातला वंश घेतलात तर त्याची बाकीची वैशिष्ट्यं ठेवायची आणि स्कोअरमधली वाढ सोडून द्यायची. जुनं बॅकग्राउंड गुण देत नसेल तर एका क्षमतेत २ आणि दुसरीत १, किंवा तीन क्षमतांत प्रत्येकी १ वाढवायचा. ते फीट, म्हणजे खास कसब देत नसेल तर एक ओरिजिन फीट आपल्या पसंतीने घ्यायचं. खरं तर यात तुमचा फायदाच आहे. नव्या पुस्तकातल्या १६ बॅकग्राउंडांत तीनच क्षमता आणि एकच फीट बांधून दिलेलं असतं, तुम्हाला मात्र मोकळी निवड मिळते. काही डीएमना ही पळवाट वाटते, तेव्हा आधी विचारून घ्या.

आता आकडे. पात्र १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरलेल्या संचातून केलं असं धरू : स्ट्रेंग्थ १५, करिझ्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) १४, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १३. हाफ-एल्फची वाढ आणि चौथ्या लेव्हलचे २ गुण धरून जुन्या शीटवर १८, १६, १४ दिसत असतील. ही सगळी वाढ पुसा आणि मूळ आकड्यांवर या. बॅकग्राउंडचे २ स्ट्रेंग्थला आणि १ कॉन्स्टिट्यूशनला दिला की १७, १४, १४ होतात. ओरिजिन फीट म्हणून ‘टफ’ घ्या : दर लेव्हलला २ हिट पॉइंट (जीवाचे गुण), म्हणजे पाचव्या लेव्हलला १०. चौथ्या लेव्हलला ‘ग्रेट वेपन मास्टर’ घ्या. नवी जनरल फीट्स स्कोअरमध्ये १ गुण देतात, त्यामुळे स्ट्रेंग्थ पुन्हा १८. शेवटी कमी झाले ते करिझ्माचे दोन गुण, एवढंच.

पण हे ‘ग्रेट वेपन मास्टर’ तुमच्या ओळखीचं नाही. अटॅक रोलमधून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० मिळवायचा जुना सौदा गेला. आता स्वतःच्या टर्नमध्ये (पाळीत) अटॅक अ‍ॅक्शन घेऊन हेवी शस्त्राने मारलेल्या प्रत्येक यशस्वी घावाला प्रोफिशियन्सी बोनस जोडायचा. पाचव्या लेव्हलला तो ३ आहे. मिळकत कमी, पण जुगारही नाही.

पॅलाडिनचा खरा धक्का डिव्हाइन स्माइट या घाव जबर करणाऱ्या दैवी शक्तीत आहे. पूर्वी प्रत्येक घावावर स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) जाळता यायचा. आता स्माइट हा स्पेल (मंत्र) आहे आणि घाव बसल्याबरोबर पाळीतली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून तो टाकायचा. बोनस अ‍ॅक्शन एका टर्नमध्ये एकच मिळते, म्हणून स्माइटही एकच. फाशावर २० पडल्याचं पाहून मग ठरवण्याची मुभा शाबूत आहे. मात्र ‘ले ऑन हँड्स’सुद्धा आता बोनस अ‍ॅक्शन झालं आहे, त्यामुळे एकाच टर्नमध्ये जखमी सोबत्याला उठवणं आणि शत्रूवर स्माइट करणं जमणार नाही. शिवाय स्पेल म्हटल्यावर तो उच्चारावा लागतो. सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या घेऱ्यात स्माइट चालत नाही आणि समोरचा विझर्ड तो काउंटरस्पेलने रोखू शकतो. त्या बदल्यात दोन लाँग रेस्टच्या मधे एकदा स्लॉट न खर्चता स्माइट करता येतो. शीटवर त्यासाठी एक वेगळी चौकट काढून ठेवा, नाहीतर ती सवलत हमखास विसरली जाते.

तयार ठेवायच्या स्पेलची संख्याही आता करिझ्मावरून काढायची नाही. क्लासच्या तक्त्यात ती दिलेली असते. पाचव्या लेव्हलला ६.

प्रश्न : वेपन मास्टरी (शस्त्राचा खास गुण वापरण्याचं कसब) आल्यापासून आमची एक लढाई दोन-दोन तास चालते. फायटर मॉल (अवजड हातोडा) वापरतो आणि दर घावाला डीएमला सेव्हिंग थ्रो करावा लागतो. रोग (Rogue, चपळ चोरट्याचा क्लास) म्हणतो, निक असल्यामुळे मला एक हल्ला जास्त. त्याचं बरोबर आहे का? (ठाणे)

रोगचं अर्धं बरोबर आहे. निक ही मास्टरी जादा हल्ला देत नाही, जागा बदलून देतो. दोन हातांत दोन लाइट शस्त्रं असली की दुसऱ्या शस्त्राचा हल्ला पूर्वीही मिळायचाच, पण त्यासाठी बोनस अ‍ॅक्शन जायची. निकमुळे तोच हल्ला अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो आणि बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते. रोगसाठी नेमकी तीच मोलाची : मारा आणि डिसएंगेज करून निसटा. क्रम असा ठेवा : आधी शॉर्टसोर्ड, कारण त्याची मास्टरी व्हेक्स आहे आणि घाव बसला की त्याच शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा; डिसअ‍ॅडव्हांटेजला लहान); मग डॅगर, ज्याची मास्टरी निक. डॅगरच्या या जादा हल्ल्याच्या डॅमेजमध्ये डेक्स्टेरिटी मिळवायची नाही, फक्त डी-४. टू-वेपन फायटिंग हे फीट असेल तरच मिळवायची. बऱ्याच शीटवर इथेच ३-४ गुण फुकटचे चढलेले असतात.

मास्टरी शस्त्राच्या नावापुढे छापलेली असली, तरी ती ते शस्त्र उचलणाऱ्या प्रत्येकाला मिळत नाही. विझर्डच्या हातातल्या डॅगरला निक नाही. पहिल्या लेव्हलला फायटरला तीन शस्त्रांची मास्टरी असते; बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना दोन-दोन. लाँग रेस्टनंतर निवड बदलता येते.

आता मॉल. त्याची मास्टरी टॉपल, म्हणजे घाव बसला की समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, आणि हरला तर तो आडवा. आकडा दर वेळी मोजत बसू नका. स्ट्रेंग्थ १८ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या फायटरचा तो ८ + ४ + ३ = १५ आहे; तो शीटवर ठळक लिहा आणि ‘लागला, सतरा डॅमेज, सेव्ह पंधरा’ असं फायटरनेच एका दमात सांगावं. अटॅक आणि डॅमेजचे फासे एकत्र टाका. शत्रू आधीच आडवा असेल तर सेव्ह मागूच नका. तरीही रखडत असेल तर फायटरला ग्रेटसोर्ड द्या. त्याची मास्टरी ग्रेझ : नेम चुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं डॅमेज होतंच, सेव्हची भानगड नाही. मॉल आणि ग्रेटसोर्ड दोन्हींचं डॅमेज २डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे आहे, तेव्हा नुकसान काही नाही.

टॉपलमुळे गटातच भांडण लागतं, तेही सांगून ठेवतो. आडव्या पडलेल्या शत्रूवर पाच फुटांच्या आतून हल्ला केला तर अ‍ॅडव्हांटेज, लांबून केला तर डिसअ‍ॅडव्हांटेज. फायटरने पाडलं आणि लगेच धनुर्धारी रेंजरची पाळी आली, की त्याचा बाण वाया. पाडल्यानंतर लगेच जवळून लढणाऱ्यांची पाळी येत असेल तेव्हाच टॉपल फायद्याचा.

प्रश्न : रोगने हाइड केलं आणि ‘मी इनव्हिजिबल झालो’ म्हणून पहारेकऱ्याच्या नाकासमोरून दिवाणखाना ओलांडला. नियमात खरंच तसं लिहिलंय. डीएमने काय करावं? (कोल्हापूर)

लिहिलंय तसंच, आणि नव्या पुस्तकातला हा सगळ्यात ढिला मजकूर आहे. हाइडसाठी तुम्ही दाट अंधारात किंवा धुक्यात असायला हवं, नाहीतर निदान तीन-चतुर्थांश आडोशामागे, आणि कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर. मग स्टेल्थचा (चोरपावलांचा) रोल, निदान १५. जमलं की इनव्हिजिबल ही कंडिशन मिळते : इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या रोलला) अ‍ॅडव्हांटेज, तुमच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हांटेज, तुमच्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हांटेज. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ल्याचा रोल, उच्चार लागणारा स्पेल, किंवा शत्रूने शोधून काढणं, यांपैकी काहीही झालं की ती संपते.

आडोसा सोडून उजेडात आल्यावर काय, हे या यादीत नाही. रोग त्याच फटीतून शिरला. पण इनव्हिजिबलच्याच नोंदीत म्हटलं आहे की जो तुम्हाला कसंही करून पाहू शकतो, त्याच्यापुढे हे फायदे मिळत नाहीत. उघड्या दिवाणखान्यात समोर बघत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला माणूस दिसतो. तेव्हा ‘शत्रूने शोधून काढलं’ असं धरा आणि हाइड संपवा. पहारेकरी पाठमोरा असेल, जांभया देत असेल, कुणी त्याचं लक्ष वेधून घेत असेल, तर रोगला जाऊ द्या आणि त्याच्या स्टेल्थची बेरीज लिहून ठेवा. शोधणाऱ्याच्या पर्सेप्शनला तोच आकडा गाठायचा असतो. हा निवाडा खेळ सुरू होण्याआधी सांगा. रोगने पाऊल टाकल्यावर सांगितलात तर तो हुज्जत घालणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

प्रश्न : जुनी साहसकथा नव्या नियमांनी चालवतोय. लढाई किती अवघड होईल याचा अंदाजच चुकतो. (बेळगाव)

हिशेबाची पद्धत बदलली आहे. पूर्वी राक्षसांच्या एक्सपी (अनुभव) गुणांची बेरीज करून त्यांच्या संख्येप्रमाणे तिला गुणायचं : दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. नव्या ‘गाइड’ने हा गुणाकार काढून टाकला. आता लो, मॉडरेट आणि हाय अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पात्रामागे एक ठरलेला आकडा. तिसऱ्या लेव्हलला तो अनुक्रमे १५०, २२५ आणि ४००.

तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं आणि प्रत्येकी ५० एक्सपीचे आठ गॉब्लिन घ्या. बेरीज ४००. जुन्या हिशेबाने अडीचपट म्हणजे १०००, आणि ‘हार्ड’ची रेघ ९००वर, म्हणजे लढाई कठीण. नव्या हिशेबाने ‘लो’लाच ६०० लागतात, आणि हे तर ४०० भरले. तेच गॉब्लिन आता किरकोळात निघाले. यात तथ्य आहे, कारण लगतच्या दुसऱ्या शत्रूवरही हल्ला करू देणाऱ्या क्लीव्हसारख्या मास्टऱ्यांमुळे नव्या पात्रांना घोळका पूर्वीइतका जड जात नाही. पण पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला या हिशेबावर डोळे मिटून विसंबू नका. तिथे आठ जणांचे आठ हल्ले म्हणजे एखादं पात्र पहिल्याच फेरीत गार. दर पात्रामागे दोनपेक्षा जास्त राक्षस नकोत; हवेच असतील तर एका फटक्यात मरणारे घ्या.

साहसकथेत छापलेल्या राक्षसाचं नाव नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये असेल तर नवंच वर्णन वापरा. एक फरक लगेच जाणवेल : पुष्कळ राक्षसांच्या घावासोबतचा परिणाम आता सेव्हशिवाय लागू होतो. लांडगा चावला की माणूस आडवा, फासा टाकून वाचायची सोय नाही. खेळाडूंना हे आधी सांगा, नाहीतर डीएम मुद्दाम करतोय असं वाटतं.

प्रश्न : टेबलावर सारखे लागणारे बदल थोडक्यात सांगाल का? (छत्रपती संभाजीनगर)

औषधाची बाटली स्वतः पिणं किंवा दुसऱ्याला पाजणं ही आता बोनस अ‍ॅक्शन. बरं करणाऱ्या स्पेलांपैकी क्युअर वूंड्स १डी८ऐवजी २डी८, हीलिंग वर्ड १डी४ऐवजी २डी४. दोन्हीकडे मॉडिफायर पूर्वीसारखाच. बेसावध गाठलेल्याची पहिली पाळी आता बुडत नाही, फक्त त्याच्या इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हांटेज. एक्झॉशनच्या (दमणुकीच्या) दर पायरीला डी-२०च्या प्रत्येक रोलमधून २ वजा आणि वेगातून ५ फूट वजा. सहाव्या पायरीला मृत्यू, तेवढा पूर्वीसारखाच. लाँग रेस्टनंतर खर्च झालेले सगळे हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट भरून काढायचे फासे) परत मिळतात, पूर्वी निम्मे मिळायचे. हिरॉइक इन्स्पिरेशन असेल तर कुठलाही एक फासा टाकल्याबरोबर पुन्हा टाकता येतो, पण दुसरा आकडा वाईट आला तरी तोच घ्यायचा.

स्पेलच्या बाबतीत एक नियम पाठच करा : एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट. फायरबॉल टाकून त्याच टर्नमध्ये स्लॉट खर्चून हीलिंग वर्ड म्हणता येत नाही. फायरबॉलवर शत्रूने काउंटरस्पेल टाकला, तर तुम्हाला त्यावर उलट काउंटरस्पेलही टाकता येत नाही, कारण टर्न अजून तुमचाच आहे. शत्रूच्या टर्नमध्ये शील्ड हा बचावाचा स्पेल टाकायला मात्र काहीच आडकाठी नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना इंग्रजी नियम जड जातात. नियम मराठीत करून वाटले तर चालेल का? (सांगली)

पुस्तकांचं भाषांतर करून वाटता येणार नाही, पण त्यांचा गाभा असलेला ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ चालेल. त्याची ५.२ ही २०२४च्या नियमांवरची आवृत्ती एप्रिल २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली. मूळ श्रेय द्यायचं एवढीच अट आहे. भाषांतर, काटछाट आणि वाटप करायला मोकळीक आहे. बाराही क्लास आणि प्रत्येकी एक सबक्लास त्यात आहे. बॅकग्राउंड मात्र चारच : अ‍ॅकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे प्रकाशकाने राखून ठेवलेले राक्षस त्यात नाहीत, ते बाहेरून आणून घालू नका.

भाषांतर करताना एक अडचण येईल. इंग्रजी मजकुरात नियमांतले शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे ते साधे शब्द नसून व्याख्या असलेले आहेत हे डोळ्यांना कळतं. देवनागरीत ती सोय नाही. ‘अदृश्य’ लिहिलंत तर मुलांना वाटेल खरंच कुणाला दिसत नाही, आणि कोल्हापूरचा दिवाणखाना सांगलीत येईल. म्हणून कंडिशन आणि अ‍ॅक्शन यांची नावं इनव्हिजिबल, प्रोन (आडवं पडलेलं), हाइड अशी तशीच ठेवा, बाकीचं वाक्य मात्र अस्सल मराठीत लिहा. उदाहरणार्थ : ‘प्रोन असताना उठायला निम्मा वेग खर्च होतो.’

साडेतीनशेहून अधिक पानं करत बसू नका. दहा वर्षांच्या मुलांना आठ पानं पुरतात : सहा क्षमता, डी-२०चा रोल, एका टर्नमध्ये काय काय करता येतं, पाच-सहा कंडिशन आणि चार तयार पात्रं. चौघांमध्ये एक फायटर, एक रोग, एक क्लेरिक आणि एक विझर्ड ठेवा, आणि विझर्डची शीट सगळ्यात चांगलं वाचणाऱ्या मुलाला द्या. श्रेयाची ओळ दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच दिलेली आहे. ती पहिल्या पानावर खाली, आहे त्या शब्दांत छापा.